विंडोज संगणकाच्या निदान-दुरुस्तीची छोटी विनामूल्य साधने : एक ऐतिहासिक आढावा
(विशेष संदर्भ – पुणे व नाशिक)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील संगणकाच्या इतिहासाचे लेखन आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झाले आहे. पहिले अंग मोठ्या संस्थांचे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेली सी-डॅक आणि १९९१ मध्ये तिने सिद्ध केलेला 'परम ८०००' हा महासंगणक यांचा उल्लेख अशा प्रत्येक लेखनात आढळतो. दुसरे अंग सॉफ्टवेअर-निर्यातीचे व त्यातून उभ्या राहिलेल्या नव्या मध्यमवर्गाचे. या दोन्ही प्रकारच्या लेखनात बिघडलेला संगणक कोठेही दिसत नाही. वस्तुतः कार्यालयात, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात संगणक आला तो त्याच्या बिघाडासह आला. तो बिघाड ओळखणारा व दुरुस्त करणारा एक वर्ग गावोगावी तयार झाला. या वर्गाची हत्यारे म्हणजे फ्लॉपीत वा पेनड्राइव्हमध्ये मावणारे छोटे, बहुतांशी विनामूल्य प्रोग्राम होत. रूढ भाषेत त्यांना 'युटिलिटी' म्हणतात.

ओझर येथे १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा असल्याने विमानांची निगा आणि दुरुस्ती हे प्रतिष्ठेचे तांत्रिक कार्य आहे, हे नाशिककरांना वेगळे सांगावे लागत नाही. संगणकाच्या दुरुस्तीला ती प्रतिष्ठा लाभली नाही. परिणामी तिच्या साधनांची नोंदही झाली नाही. प्रस्तुत लेखात १९८२ ते २०२५ या कालखंडातील अशा साधनांचा आढावा घेतला आहे. या साधनांनी संगणकाचा वेग किती वाढवला, हा प्रश्न येथे गौण मानला आहे. यंत्र का बिघडले याचे कारण त्यांनी सामान्य दुरुस्तीकाराला व वापरकर्त्याला दाखवून दिले, हे त्यांचे खरे ऐतिहासिक कार्य होय, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

पूर्वपीठिका : डॉसचा काळ

वैयक्तिक संगणकासाठी स्वतंत्र दुरुस्ती-साधनांची परंपरा १९८२ मध्ये पीटर नॉर्टन यांनी आणलेल्या 'नॉर्टन युटिलिटीज'पासून ठळकपणे सुरू होते. चुकून पुसलेली फाइल परत मिळवणे हे तिचे मुख्य आकर्षण होते. डॉस प्रणालीत फाइल पुसली म्हणजे तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलले जाई व तिने व्यापलेली जागा मोकळी म्हणून नोंदली जाई. मूळ मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत डिस्कवर तसाच राहत असे. ही एक वस्तुस्थिती ठाऊक असणाऱ्याला फाइल परत आणता येत असे, ठाऊक नसणाऱ्याला ती कायमची गेलेली वाटे. युटिलिटीचे मर्म या उदाहरणात दिसते. ती यंत्राला नवे सामर्थ्य देत नाही, यंत्रात असलेली परंतु न दिसणारी गोष्ट ती समोर आणते.

नॉर्टन यांचे साधन विकत घ्यावे लागे. त्याच वर्षी, म्हणजे १९८२ मध्ये, अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी आपला 'पीसी-टॉक' हा प्रोग्राम विनामूल्य वाटून, आवडल्यास पैसे पाठवावेत अशी विनंती केली आणि 'फ्रीवेअर' हा शब्द प्रचारात आणला. मोठ्या कंपनीवाचून, जाहिरातीवाचून, एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा प्रोग्राम ही वितरणाची नवी रीत त्यातून रुजली. पुढे मायक्रोसॉफ्टनेही अशी साधने मूळ प्रणालीत सामावून घेण्यास प्रारंभ केला. १९९१ च्या डॉस ५ मध्ये पुसलेली फाइल परत आणण्याची आज्ञा आली. १९९३ मध्ये डॉस ६ सोबत डिफ्रॅग आणि ६.२ सोबत स्कॅनडिस्क आले. बाहेरच्या कारागिराने हत्यार घडवावे आणि कालांतराने प्रणालीच्या निर्मात्याने ते आपल्या पेटीत ठेवावे, हा क्रम पुढील तीन दशकांत वारंवार दिसतो.

दुरुस्तीच्या दुकानातून उद्योगाकडे : पुण्याचे उदाहरण

या क्रमाचे महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण पुण्यात घडले. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी शालेय शिक्षणानंतर कॅल्क्युलेटर-दुरुस्तीचे काम पत्करले आणि नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. कॅल्क्युलेटर, कार्यालयीन यंत्रे आणि मग संगणक असा या दुकानाचा प्रवास झाला. त्यांचे बंधू संजय काटकर हे त्या काळी पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्राचे शिक्षण घेत होते. दुरुस्तीसाठी येणाऱ्या संगणकांत यांत्रिक बिघाडांइतकेच व्हायरसचे बिघाडही आढळू लागले, तेव्हा ते काढून टाकणारे प्रोग्राम संजय यांनी लिहिले. त्यांतूनच 'क्विक हील' हे उत्पादन सिद्ध झाले. १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने खासगी कंपनीची नोंदणी झाली. २००७ मध्ये तिचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज असे झाले आणि २०१६ मध्ये तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली.

या इतिहासातील दोन गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. पहिली ही की, या उद्योगाचा उगम दुरुस्तीच्या टेबलावर आहे. ग्राहकाच्या संगणकातील प्रत्यक्ष बिघाड, त्याचे निदान आणि त्यावर लिहिलेला छोटा प्रोग्राम ही साखळी कोणत्याही संशोधन संस्थेत तयार झाली नाही. दुसरी गोष्ट नाशिकशी निगडित आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत या कंपनीने पुण्याबाहेर पाऊल टाकले, तेव्हा पहिली शाखा नाशिकला उघडली. मुंबईसारख्या महानगराऐवजी जिल्ह्याच्या शहराला मिळालेला हा अग्रक्रम पाहता, दुरुस्ती-साधनांची गरज अशा शहरांत किती तीव्र होती याची कल्पना येते.

२६ एप्रिल १९९९ : निदानाचे महत्त्व

२६ एप्रिल १९९९ रोजी 'सीआयएच' अथवा 'चेर्नोबिल' या व्हायरसने जगभरातील असंख्य संगणक बंद पाडले. तैवानमधील चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने तो लिहिला होता. अमेरिकेच्या तुलनेत आशियाई देशांत हानी अधिक झाली व भारतालाही तिची झळ लागली. हा व्हायरस हार्ड डिस्कच्या आरंभापासून सुमारे १ एमबी भागावर निरर्थक माहिती लिहीत असे आणि काही संगणकांत मदरबोर्डवरील बायोसही नष्ट करीत असे. संगणक सुरू होईना, डिस्क रिकामी दिसे, आणि सर्व माहिती गेली असा समज होई.

प्रत्यक्षात अनेक संगणकांतील माहिती शाबूत होती. विंडोज ९८ च्या फॅट-३२ या रचनेत कोणती फाइल डिस्कवर कोठे आहे याच्या नोंदवहीच्या दोन प्रती असतात. मोठ्या डिस्कवर दुसरी प्रत पहिल्या १ एमबीच्या पलीकडे असल्याने ती बहुधा वाचत असे. ती शोधून तिच्या आधारे नोंदवही पुन्हा उभारली की डिस्क पूर्ववत होई. अमेरिकेतील स्टीव्ह गिब्सन यांनी हे काम करणारा 'फिक्स-सीआयएच' हा छोटा प्रोग्राम विनामूल्य उपलब्ध करून दिला. बांगलादेशातील एका विद्यार्थ्यानेही याच उद्देशाने 'एम-रिकव्हर' हा प्रोग्राम लिहून तो विनामूल्य वाटला. म्हणजेच संकट आशियात तीव्र होते आणि त्यावरील एक उपायही आशियातील विद्यार्थ्याच्या हातून आला. अशा वेळी घाईने डिस्क फॉर्मॅट करणारा दुरुस्तीकार वाचलेली माहिती स्वतःच्या हाताने नष्ट करी. निदान आणि घाई यांतील हा फरक संस्थेच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींच्या किमतीचा होता.

साधने नाशिकला कशी पोहोचली

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, ती प्रथम महानगरांत. टेलिफोनवरून येणाऱ्या त्या जोडणीचा वेग अगदी उत्तम परिस्थितीतही सेकंदाला ५६ किलोबिट इतकाच असे. त्या वेगाने ६५० एमबीची एक सीडी उतरवून घेण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागला असता. म्हणूनच संगणकविषयक मासिकांसोबत येणाऱ्या सीडीला त्या काळात मोठे मोल होते. मुंबईहून जसुभाई समूहातर्फे निघणारे 'चिप', २००१ पासूनचे त्याचे पुढील रूप 'डिजिट', तसेच 'पीसी क्वेस्ट' या मासिकांच्या सीडींतून शेकडो विनामूल्य युटिलिटी जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचल्या. एक सीडी अनेक हातांतून फिरे आणि तिच्यातील उपयुक्त प्रोग्राम फ्लॉपीवर उतरवले जात. फ्लॉपीची क्षमता १.४४ एमबी असल्याने लहान आकार हा प्रोग्रामचा गुण ठरला. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा सुरू झाल्यावर ही अडचण क्रमशः दूर झाली.

याच काळात संगणक-शिक्षणाचाही प्रसार झाला. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशिक येथे गंगापूर धरणाजवळ आहे. नियमित महाविद्यालयात जाऊ न शकणाऱ्यांना या विद्यापीठाने संगणक-अभ्यासक्रमांचे दार खुले केले. २००१ पासून महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक-साक्षरता तालुका पातळीवर नेली. अशा साक्षरता-अभ्यासक्रमाचा भर स्वाभाविकपणे वापरावर होता. पत्र कसे टंकावे, तक्ता कसा करावा हे त्यातून साध्य झाले. संगणक अडला असता काय पाहावे, हे ज्ञान मात्र दुकानातील उमेदवारीतूनच मिळत राहिले.

स्थानिक परिस्थितीनेही या ज्ञानाला आकार दिला. २००५ नंतरच्या वर्षांत राज्यात भारनियमन तीव्र होते. वीज अवचित गेली की संगणक नीट बंद न होता थांबे आणि विंडोज ९८ पुन्हा सुरू होताना स्कॅनडिस्क आपोआप चालू होई. निळ्या पडद्यावर सरकणारी ती पट्टी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत परिचयाची झाली होती. मराठीत याच सुमारास एक स्वतंत्र शब्दसंपदा रूढ झाली. संगणक 'हँग होतो', फाइल 'करप्ट होते', व्हायरस 'लागतो' आणि अखेरचा उपाय म्हणून 'फॉर्मॅट मारतात'. 'मारणे' हे क्रियापद येथे अर्थपूर्ण आहे. फॉर्मॅट हा निदानाचा अभाव झाकणारा उपाय होता. त्याने बिघाड जाई आणि बिघाडाचे कारणही त्यासोबत पुसले जाई. अनेकदा ग्राहकाची माहिती, मराठी फाँट व प्रिंटरची मांडणी यांचीही तीच गत होई. विनामूल्य निदान-साधनांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

सिसइंटर्नल्स : यंत्राचे अंतरंग

या साधनांत सर्वांत श्रेष्ठ स्थान 'सिसइंटर्नल्स' या संचाला द्यावे लागते. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघा अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी १९९६ पासून हे प्रोग्राम विनामूल्य उपलब्ध करून दिले. 'फाइलमॉन' हा कोणता प्रोग्राम कोणती फाइल उघडतो ते क्षणोक्षणी दाखवी. 'रेगमॉन' हा विंडोजच्या रजिस्ट्रीतील, म्हणजे प्रणालीच्या अंतर्गत नोंदवहीतील, प्रत्येक व्यवहार दाखवी. 'प्रोसेस एक्सप्लोरर'मध्ये चालू प्रक्रियांची वंशावळ दिसते, तर 'ऑटोरन्स' संगणक सुरू होताच आपोआप चालणाऱ्या सर्व गोष्टींची यादी देतो. यांपैकी कोणतेही साधन स्वतः होऊन दुरुस्ती करीत नाही. ते केवळ दाखवते, निर्णय पाहणाऱ्याने घ्यावयाचा असतो.

या 'दाखवण्याचे' सामाजिक परिणाम दोन प्रसंगांतून स्पष्ट होतात. विंडोज एनटीच्या 'वर्कस्टेशन' व 'सर्व्हर' या दोन आवृत्त्यांच्या किमतीत मोठी तफावत होती. १९९६ मध्ये रुसिनोविच व अँड्र्यू शुलमन यांच्या लेखनातून असे पुढे आले की, दोहोंचा गाभा एकच असून रजिस्ट्रीतील मोजक्या नोंदींवरून प्रणाली आपले रूप ठरवते. दुसरा प्रसंग ३१ ऑक्टोबर २००५ चा. त्या दिवशी रुसिनोविच यांनी प्रसिद्ध केले की, सोनी बीएमजी कंपनीच्या संगीताच्या सीडीने त्यांच्या संगणकात नकळत एक प्रोग्राम बसवला असून तो स्वतःला प्रणालीपासून लपवतो. 'रूटकिट रिव्हीलर' या त्यांच्याच छोट्या साधनाने तो उघडकीस आणला होता. त्यानंतर कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. आपण विकत घेतलेल्या यंत्रात काय चालले आहे हे जाणण्याचा मालकाला अधिकार आहे काय, हा प्रश्न या प्रकरणाने जगासमोर आणला.

जुलै २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रुसिनोविच व कॉग्सवेल यांची कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी फाइलमॉन व रेगमॉन एकत्र करून 'प्रोसेस मॉनिटर' प्रसिद्ध झाला. ही साधने आजही विनामूल्य आहेत. अध्यापकवर्गाला पडद्यावरील मजकूर मोठा करून दाखवणारा 'झूमइट' परिचित असेल, तोही याच संचातील आहे. मात्र पूर्वी काही साधनांसोबत मिळणारी मूळ संहिता या व्यवहारानंतर मिळेनाशी झाली. 'विनामूल्य' आणि 'मुक्त' या दोन संकल्पनांतील अंतर येथे नेमके दिसते. विनामूल्य साधन वापरता येते. मुक्त साधन वापरता येते, तपासता येते आणि बदलताही येते. स्मृतिपट्टीतील दोष शोधणारा 'मेमटेस्ट८६+' हा दुसऱ्या वर्गात मोडतो.

निदान आणि निर्णय

नेदरलँड्समधील मेरिन बेलेकोम यांचा 'हायजॅकधिस' हा आणखी एक बोलका नमुना होय. ब्राउझरचे मुखपृष्ठ आपोआप बदलणे, जाहिरातींच्या चौकटी उघडणे अशा तक्रारींवर तो वापरला जाई. प्रणालीतील संशयास्पद ठिकाणांची यादी तो सांकेतिक क्रमांकांसह देई. त्यांतील चांगले कोणते व वाईट कोणते हे मात्र तो सांगत नसे. ती यादी जाणकाराला दाखवावी लागे. डॉक्टर जसा रक्ततपासणीचा अहवाल वाचतो, तसा जाणकार ती यादी वाची. यामुळे निदानाची भाषा एका व्यक्तीकडून दुसरीकडे पोहोचवता येऊ लागली व दुरुस्तीचे गुरुमुखी ज्ञान लेखी झाले. २००७ मध्ये हे साधन ट्रेंड मायक्रो कंपनीने घेतले आणि २०१२ मध्ये त्याची संहिता खुली केली.

पेनड्राइव्हचा प्रसार झाल्यावर समस्येचे स्वरूप बदलले. पेनड्राइव्हवरील 'ऑटोरन डॉट आयएनएफ' या फाइलच्या आधारे व्हायरस एका संगणकातून दुसऱ्यात जात. नोव्हेंबर २००८ मध्ये आढळलेल्या 'कॉनफिकर'नेही पुढे हा मार्ग वापरला. महाविद्यालयाची प्रयोगशाळा, सायबर कॅफे आणि प्रकल्प-अहवाल छापून देणारे डीटीपीचे दुकान या त्रिकोणात विद्यार्थ्यांचे पेनड्राइव्ह फिरत. फोल्डर अदृश्य झाले की प्रबंध गेला असे वाटे. बहुधा फाइलींवर 'लपवलेली' अशी खूण तेवढी केलेली असे आणि 'अ‍ॅट्रिब' या डॉसकालीन आज्ञेने ती काढता येई. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अद्ययावतीकरणाद्वारे जुन्या विंडोजमधील पेनड्राइव्हची आपोआप चालण्याची सोय बंद केली, तेव्हा या मार्गाला आळा बसला.

विश्वासाचा प्रश्न

या साधनांचा इतिहास केवळ गौरवाचा नाही. रजिस्ट्री 'स्वच्छ' करून संगणक वेगवान करण्याचे आश्वासन देणारे अनेक प्रोग्राम लोकप्रिय झाले. रजिस्ट्रीतील काही निरुपयोगी नोंदी काढल्याने जाणवण्याजोगा वेग वाढत नाही, उलट चुकीची नोंद काढल्यास प्रणालीच बिघडते. मायक्रोसॉफ्टनेही अशा प्रोग्रामना आपला पाठिंबा नसल्याचे स्पष्ट केले आहे. ही साधने कारण दाखवत नसत. 'शेकडो दोष सापडले' असा भयसूचक आकडा दाखवून ती वापरकर्त्याला बटण दाबावयास लावीत.

याहून गंभीर प्रसंग २०१७ चा आहे. अनावश्यक फाइली काढणारा 'सीक्लीनर' हा अत्यंत विश्वासार्ह मानला जाई. त्याची निर्माती पिरिफॉर्म कंपनी जुलै २०१७ मध्ये अवास्टने घेतली. १५ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर २०१७ या काळात त्याच्या अधिकृत वितरणातूनच दूषित आवृत्ती वाटली गेली व ती सुमारे २२.७ लाख संगणकांवर पोहोचली. हल्लेखोरांनी निर्मात्याच्या यंत्रणेतच शिरकाव केला होता. साधन मूळ ठिकाणाहूनच घ्यावे हा दुरुस्तीकारांचा पाळलेला नियम या वेळी अपुरा पडला. यंत्राचे अंतरंग पाहणाऱ्या साधनाला सर्वाधिक अधिकार द्यावे लागतात, म्हणून त्याच्या निर्मात्यावरील विश्वास हा या साऱ्या व्यवस्थेचा सर्वांत नाजूक दुवा ठरतो.

कारण विचारण्याचा वारसा

२०१२ च्या विंडोज ८ पासून विषाणू-प्रतिबंधक प्रणालीतच अंगभूत झाला, टास्क मॅनेजर सुधारला आणि बाहेरच्या अनेक साधनांची गरज उणावली. तरीही ही परंपरा संपली नाही, याचा प्रत्यय जून २०२१ मध्ये आला. विंडोज ११ आपल्या संगणकावर चालेल काय हे सांगणारा 'पीसी हेल्थ चेक' हा विनामूल्य प्रोग्राम मायक्रोसॉफ्टने दिला. आरंभीची त्याची आवृत्ती 'चालणार नाही' एवढेच सांगे, कारण नीटपणे देत नसे. टीका झाल्यावर तो मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी कारणे सांगणाऱ्या सुधारित रूपात पुन्हा आला. दरम्यान 'व्हायनॉटविन११' या मुक्त संहितेच्या छोट्या साधनाने नेमकी उणीव प्रोसेसरची, टीपीएम या सुरक्षा-चिपची की बायोसच्या मांडणीची, हे बाबवार दाखवून दिले.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य संपल्याने हा प्रश्न महाविद्यालयांच्या दारात उभा आहे. प्रयोगशाळेतील संगणक 'अपात्र' ठरला म्हणजे तो भंगारात काढावयाचा, की बायोसमधील एक मांडणी बदलून अथवा लिनक्स घालून वापरात ठेवावयाचा, हा निर्णय निदानावाचून घेणे म्हणजे पुन्हा एकदा 'फॉर्मॅट मारणे' होय. येथे पणाला लागते ती संस्थेची तुटपुंजी तरतूद आणि विद्यार्थ्यांना मिळणारे संगणकाचे तास.

निष्कर्ष

१. छोट्या विनामूल्य साधनांनी संगणक-दुरुस्तीला अंदाजाकडून निदानाकडे नेले. कारण दृश्य करणे हे त्यांचे मुख्य ऐतिहासिक कार्य होय.

२. पुण्यातील दुरुस्तीच्या दुकानातून उभा राहिलेला आणि पुण्याबाहेर प्रथम नाशिकला आलेला उद्योग पाहता, दुरुस्ती हीदेखील तंत्रनिर्मितीची भूमी असते हे सिद्ध होते.

३. उत्तम साधन पुरावा दाखवते व निर्णय माणसावर सोपवते. भय दाखवून निर्णय घ्यावयास लावणारे साधन विनामूल्य असले तरी महाग पडते.

४. विनामूल्यता ही विश्वासार्हतेची हमी नव्हे. साधनाचा निर्माता, मूळ ठिकाण आणि शक्य तेथे संहिता तपासण्याची सवय अभ्यासक्रमातूनच लावावयास हवी.

५. नाशिकसारख्या शहरातील जुन्या दुरुस्तीकारांच्या आठवणी, मासिकांच्या सीडी आणि त्या काळातील फ्लॉपी ही इतिहासाची साधने आहेत. चुंबकीय माध्यमे काळाबरोबर क्षीण होत असल्याने त्यांचे जतन व मौखिक इतिहासाचे संकलन महाविद्यालयांच्या इतिहास व संगणकशास्त्र विभागांनी संयुक्तपणे हाती घेणे अगत्याचे आहे. बिघाड का झाला हे विचारण्याची जी शिस्त दुरुस्तीच्या टेबलावर घडली, ती वर्गात आणण्याचे काम अध्यापकांचे आहे.